एका घराला एकच दरबान

शुक्रवारी दुपारी तीनच्या सुमारास आमच्या घरात एक ठरलेली गडबड असते. थोरला मुलगा जेद्दाला नोकरी करतो. तिकडची घड्याळं आपल्यापेक्षा अडीच तास मागे. जुम्म्याची नमाज आटोपून तो खोलीवर आला, की पहिला व्हिडिओ कॉल आजीला. आजी म्हणजे माझी अम्मी. वय ८४. दोन वर्षांपूर्वी खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून तिचं जग म्हणजे आतली खोली.

आमचं घर बेगमपुऱ्यातलं, दगड-चुन्याच्या जुन्या बांधणीचं. इंटरनेट कंपनीची वायर येते ती दर्शनी खोलीत. तिथून ओसरी, मग चौक आणि चौकापलीकडे अम्मीची खोली. मध्ये दीड-दीड फुटाच्या दोन भिंती. त्यामुळे व्हायचं काय, की नातवाचा आवाज तुटक तुटक यायचा आणि चेहरा पडद्यावर थिजून राहायचा. कधी डोळे मिटलेले, कधी तोंड अर्धं उघडं. ‘फोटो नको, पोरगा दाखव,’ असं अम्मी म्हणायची. तिला उचलून बाहेर आणणं शक्य नव्हतं. तेव्हा इंटरनेटलाच आत नेणं भाग होतं.

मी कविता लिहिणारा माणूस. शिक्षण बी.ए. विज्ञानाचा आणि माझा संबंध दहावीनंतर सुटला. पण या कामात मी आणि माझी मुलगी असे दोन रविवार घालवले, चुका केल्या, निस्तरल्या आणि त्यातून जे कळलं ते इतरांच्याही उपयोगी पडेल म्हणून सांगतो आहे. ज्यांच्या घरी एका खोलीत वायफाय धावतं आणि दुसऱ्या खोलीत रांगतं, अशी घरं आता थोडी नाहीत.

आधी भिंतीचं सांगतो. वायफाय म्हणजे दुसरं तिसरं काही नसून रेडिओच आहे. ज्या रेडिओवर मी हे बोललो, त्याच जातीच्या लहरी. मग रेडिओ आतल्या खोलीत ऐकू येतो आणि वायफाय का पोचत नाही? फरक लहरीच्या लांबीत आणि ताकदीत आहे. मध्यम लहरींवरचं केंद्र घ्या. त्याच्या एका लहरीची लांबी साधारण दोनशे ते साडेपाचशे मीटर असते. तिच्यापुढे आमची भिंत म्हणजे कागद. शिवाय प्रक्षेपण किलोवॅटच्या हिशेबात. वायफायची लहर मात्र बोटभर. २.४ गिगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला २४० कोटी कंपनं, या पट्ट्यातली लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटरची. पाच गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातली त्याच्या निम्म्याहूनही कमी. आणि घरातल्या डब्याची ताकद साधारणपणे एका वॅटच्याही आत. अशी लहर जाड दगडात शिरते आणि तिथेच दमते. भिंतीत ओल असेल तर आणखी लवकर दमते, कारण पाणी ती शोषून घेतं. लोखंडी कपाट आणि मोठा आरसा तर तिला परतच पाठवतात.

या दोन पट्ट्यांचा स्वभावही वेगळा. २.४ चा पट्टा लांब जातो, पण हळू चालतो आणि त्यावर शेजारपाजाऱ्यांची गर्दी असते. पाचचा पट्टा वेगवान, पण एका भिंतीनंतरच त्याला धाप लागते. म्हणून ‘प्लॅन वाढवून घ्या, मोठा स्पीड घ्या,’ हा सल्ला आमच्या उपयोगाचा नव्हता. दारापर्यंत पाणी भरपूर येत होतं. आत न्यायला पाट नव्हता.

तो पाट म्हणजे मेश वायफाय. मेश म्हणजे जाळी. एका मोठ्या डब्याऐवजी घरात दोन-तीन लहान डबे ठेवायचे. पहिला डबा इंटरनेटला जोडलेला, बाकीचे त्याच्याशी आणि एकमेकांशी बोलत राहतात. सगळ्यांचं नाव एक, पासवर्ड एक. तुम्ही फोन घेऊन घरभर फिरलात, की फोन एका डब्याचा हात सोडून दुसऱ्याचा धरतो आणि तुम्हाला सहसा कळतही नाही. पूर्वीच्या रिपीटरचं काम असं सफाईदार नसे. तो मिळालेलं तेच मोठ्यानं पुन्हा ओरडायचा, बऱ्याचदा वेगळ्या नावानं.

आम्ही तीन डब्यांचा संच आणला. दुकानदार म्हणाला, ‘फक्त वायर लावा, चालू करा.’ आम्ही वायर लावली, चालू केलं. आणि इथून खरी गोष्ट सुरू होते.

पहिल्या दिवशी मेशच्या डब्यावर इंटरनेट आलंच नाही. मुलीनं एक सेटिंग बदलल्यावर आलं, तर तिचा प्रिंटर हरवला. म्हणजे टेबलावर समोर दिसत होता, पण लॅपटॉपला सापडत नव्हता. मुलगी घरून गणिताच्या ऑनलाइन शिकवण्या घेते, तिला रोज कागद छापावे लागतात. एकाच घरात दोन वायफाय दिसू लागली, जुनं आणि नवं. फोन जुन्याला चिकटून बसायचे. घर एक, पण मोहल्ले दोन झाले होते.

हे का झालं, ते समजायला आपल्या शहराचीच आठवण उपयोगी पडते. आपलं छत्रपती संभाजीनगर हे बावन्न दरवाजांचं शहर म्हणून ओळखलं जातं. अशा दरवाजावर एक दरबान बसला आहे, अशी कल्पना करा. बाहेरच्या जगाला शहराचा एकच पत्ता ठाऊक. आतला कोणी बाहेर पत्र पाठवतो, तेव्हा दरबान वहीत लिहून ठेवतो, की हे पत्र अमक्या गल्लीतल्या अमक्या घराचं. उत्तर आलं, की वही बघून ते बरोबर त्या घरी पोचवतो. घराघरांना नंबरही तोच वाटतो. राउटर म्हणजे नेमका हा दरबान.

हा दरबान लागतो कशाला? तर पत्ते कमी पडले म्हणून. इंटरनेटच्या जुन्या पत्तापद्धतीत सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी पत्तेच होऊ शकतात. माणसं त्याहून जास्त आणि एकेका माणसामागे दोन-तीन यंत्रं. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे वाटून संपले. ही टंचाई आधीच दिसत होती, म्हणून घरापुरते वापरायचे काही पत्ते १९९६ साली ठरवून बाजूला काढले गेले. १९२.१६८ ने सुरू होणारे आकडे तुम्ही कुठेतरी पाहिले असतील. ते हेच. तुमच्या घरातही तेच, शेजाऱ्याच्या घरातही तेच. घराबाहेर त्यांना किंमत नाही. नव्या पद्धतीत पत्त्यांचा तुटवडा नाही आणि ती आपल्याकडे बरीच पसरली आहे, पण जुनी अजून तिच्या जोडीनं चालूच आहे.

आता आमची चूक पाहा. कंपनीनं दिलेली जी डबी असते, ती दिसायला एक पण कामं तीन करते. काचेच्या तंतूतून आलेल्या प्रकाशाचं विजेच्या संकेतात रूपांतर करणं हे पहिलं. दरबानाचं काम हे दुसरं. आणि वायफाय पसरवणं हे तिसरं. मेशचा पहिला डबाही जन्मानं दरबानच असतो. आम्ही एका दरबानामागे दुसरा दरबान बसवला. प्रत्येकाची वही वेगळी. प्रिंटर पहिल्याच्या वहीत, लॅपटॉप दुसऱ्याच्या वहीत. एकाच्या अंगणात मारलेली हाक दुसऱ्याच्या अंगणात ऐकू जात नाही, म्हणून प्रिंटर सापडेना. आणि पहिल्या दिवशी इंटरनेटच आलं नाही, त्याचं कारण म्हणजे दोघेही दरबान १९२.१६८.१ याच मालिकेतले नंबर वाटत होते. पत्र आतल्या घराचं की बाहेरच्या, हेच दुसऱ्याला उमजेना. काही डबे ही टक्कर स्वतःहून ओळखून आपली मालिका बदलतात. आमच्या डब्याची ती हाती बदलावी लागली.

दोन दरबान असले म्हणजे सगळंच बंद पडतं असं नाही. बातम्या वाचणं, सिनेमा पाहणं, बहुतेक कॉल चालतात. म्हणून पुष्कळ घरांत ही अवस्था वर्षानुवर्षं तशीच राहते. अडतं ते प्रिंटर, टीव्हीवर फोनमधलं चित्र दाखवणं, काही ऑनलाइन खेळ, बाहेरगावाहून घरचा कॅमेरा पाहणं, अशा कामांत. आणि अडलं, की दोष नेमका कोणत्या डब्याचा हे कळत नाही.

तर उपाय एकच. दोघांपैकी एकाला दरबानकीतून मोकळं करायचं. ते दोन तऱ्हांनी होतं.

पहिली तऱ्हा सोपी. कंपनीच्या डबीला दरबान राहू द्यायचं आणि मेशला सांगायचं, की तू फक्त वायफाय पसरव. मेशच्या ॲपमध्ये यासाठी ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असं लिहिलेलं असतं. काही कंपन्या त्यालाच ‘ब्रिज मोड’ म्हणतात. मग कंपनीच्या डबीवरचं जुनं वायफाय बंद करून टाकायचं. यात कंपनीला फोन करावा लागत नाही आणि काही बिघडलं तर परतणंही सोपं. तोटा एवढाच, की मुलांच्या वापरावर वेळेची बंधनं घालण्यासारख्या मेशच्या काही सोयी या पद्धतीत मिळेनाशा होतात. आणखी एक. काही कंपन्यांच्या संचात एकापेक्षा जास्त डबे वापरायचे असतील, तर ही पद्धत चालतच नाही. ते विकत घेण्याआधीच विचारावं.

दुसरी तऱ्हा उलटी. कंपनीच्या डबीलाच ब्रिज मोडमध्ये टाकायचं, म्हणजे ती फक्त प्रकाशाचं रूपांतर करून पुढे देईल आणि दरबान होईल मेशचा पहिला डबा. इथे सावध राहायला हवं. अनेक ठिकाणी कंपनीचं नाव-पासवर्ड त्या डबीत भरलेलं असतं, ते आता मेशच्या डब्यात भरावं लागतं. कधी त्याबरोबर व्हीलॅन नावाचा एक आकडाही लागतो. हे सगळं कंपनीकडून आधी कागदावर लिहून घ्यायचं, मगच डबीला हात लावायचा. डबीला घरचा टेलिफोन किंवा टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स जोडलेला असेल तर तो बंद पडू शकतो. तेही आधी विचारायचं. आणि काही कंपन्या ही मुभा देतच नाहीत.

ब्रिज मोड हा शब्द दोन्हीकडे येतो, ही यातली मोठी गोम. मेशला ब्रिज केलं तर दरबान कंपनीची डबी. कंपनीच्या डबीला ब्रिज केलं तर दरबान मेश. दोघांनाही ब्रिज केलं तर दरवाजावर कोणीच नाही आणि मग घराला नंबर वाटणाराही उरत नाही. आमच्या मुलीनं हे एका चिठ्ठीवर लिहून डबीला चिकटवून ठेवलं आहे: ‘दरबान हा आहे.’

बाहेरून घरचा कॅमेरा पाहण्यासाठी कोणी दुसरी तऱ्हा निवडत असेल, तर एक गोष्ट जाणून घ्यावी. पुष्कळ कंपन्या आता एका पत्त्यामागे अनेक घरं बसवतात. म्हणजे तुमच्या दरबानाच्याही पुढे, कंपनीच्या दारात, आणखी एक दरबान असतो. त्याला आपण हलवू शकत नाही. तिथे कंपनीकडून स्वतंत्र पत्ता विकत घ्यावा लागतो.

आम्ही पहिली तऱ्हा निवडली. कामाचा क्रम असा ठेवला. सर्वांत आधी लॅपटॉप वायरनं थेट कंपनीच्या डबीला लावून वेग मोजला. वेग तिथेच कमी असता, तर मेश लावूनही काही साधलं नसतं. मग डबीच्या ‘लॅन’ लिहिलेल्या छिद्रातून निघालेली वायर मेशच्या पहिल्या डब्याच्या ‘वॅन’ लिहिलेल्या छिद्रात घातली. काही डब्यांवर छिद्रांचा असा भेद नसतो, तिथे कोणतंही चालतं. मग कंपनीची डबी दोन मिनिटं बंद ठेवून चालू केली, दिवे स्थिर झाल्यावर मेशचा डबा चालू केला. ॲपमधून ॲक्सेस पॉइंट मोड निवडला. मेश नीट चालतंय याची खात्री झाल्यावरच जुनं वायफाय बंद केलं. आणि शेवटी मेशला तेच जुनं नाव आणि जुना पासवर्ड दिला. त्यामुळे घरातला एकेक फोन, प्रिंटर, टीव्ही पुन्हा जोडत बसावं लागलं नाही. ज्यांचा पासवर्ड गल्लीभर झाला आहे, त्यांनी मात्र ही संधी साधून तो बदलावा. कंपनीच्या डबीच्या आत शिरायचा जो पासवर्ड असतो, तो तर बदलावाच.

एवढं झालं आणि प्रिंटर सापडला. पण अम्मीच्या खोलीत चेहरा थिजतच होता.

ही आमची दुसरी चूक. जिथे वायफाय पोचत नाही, तिथेच डबा ठेवायचा, असं आम्हाला वाटलं होतं. तिसरा डबा अम्मीच्या उशाशी ठेवला. फोनवर वायफायच्या सगळ्या रेघा भरलेल्या, पण चित्र हलेना. कारण त्या रेघा सांगतात फोन आणि उशाजवळचा डबा यांच्यातली गोष्ट. तो डबा स्वतः मागच्या डब्याशी कसा बोलतोय, ते त्या सांगत नाहीत. दोन भिंतींपलीकडून त्यालाच काही मिळत नव्हतं, तो देणार काय? तहानलेल्या खोलीत रिकामा माठ नेऊन ठेवला म्हणून पाणी येत नाही.

उत्तर आमच्या मोहल्ल्याच्या जवळच उभं आहे. मलिक अंबरनं १६१० मध्ये खडकी वसवली, तेच आजचं आपलं शहर. त्यानं डोंगराकडचं पाणी जमिनीखालच्या नहरीनं गावात आणलं. पुढच्या काळात बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यापाशी पाणचक्की झाली, तिलाही पाणी दुरून, उत्तरेकडून, मातीच्या नळांतून येतं. ते पाणी एका उंच भिंतीतून वर चढतं आणि हौदात कोसळतं. लहानपणी मी तिथे तासन्‌तास बसलो आहे. पाणी वर कसं चढतं, याचं तेव्हा नवल वाटे. पुढे कळलं, की उगम उंचावर असेल आणि मधला नळ कुठे फुटला नसेल, तर पाणी आपोआप आपली उंची गाठतं. सगळी करामत मधल्या वाटेत आहे. शेवटचा हौद फक्त घेतो.

तसंच मेशचं. डबा ठेवायचा तो अर्ध्या वाटेत, जिथे मागच्याचा संकेत अजून चांगला आहे तिथे. आम्ही दुसरा डबा ओसरीत, चौकाकडे उघडणाऱ्या दाराजवळ ठेवला. तिसरा चौकापलीकडे, अम्मीच्या खोलीच्या दारासमोर, समोरासमोर नजर भिडेल असा. जमिनीवर नाही, कपाटामागे नाही, छातीच्या उंचीवर, उघड्यावर. भिंत दगडाची, पण दार लाकडाचं आणि दिवसभर उघडं. लहरीलाही दार लागतं.

पुढच्या रविवारी आणखी एक सुधारणा केली. साध्या संचात डबे ज्या पट्ट्यावर फोनशी बोलतात, त्याच पट्ट्यावर एकमेकांशीही बोलतात. त्यामुळे दर टप्प्याला वेग निम्म्याच्या आसपास उतरू शकतो. डब्याडब्यांत वायर ओढली, तर ही घट टळते. अशी वायर १०० मीटरपर्यंत बिनघोर चालते, आमचं सगळं घर त्यात मावतं. मुलगी शिडीवर आणि मी शिडी धरून, अशी आम्ही ओसरीच्या तुळईवरून चौकाच्या कडेनं एक वायर नेली. ज्या घरात भिंती जाड, तिथे एवढी मेहनत केलेली बरी. सोबत कंपनीची डबी आणि पहिला डबा एका लहानशा बॅटरीवर घेतला. नाही तर वीज गेली, की दरबान झोपतो आणि सगळं शहर बंद.

त्यानंतरच्या शुक्रवारी तीन वाजून वीस मिनिटांनी जेद्दाहून फोन आला. मी फोन अम्मीच्या हातात दिला. नातू बोलत होता, हसत होता, चहाचा कप उचलून पीत होता. अम्मी बराच वेळ नुसती बघत राहिली. मग दखनीत म्हणाली, ‘मूछां कब रखा रे तू?’

मिशी त्यानं आठ महिन्यांपूर्वीच ठेवली होती.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)